निर्णयाला तारीख: साथीच्या काळात भांबावलेल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाईंना मी सुरुवातीपासून ताई म्हणत आले, म्हणून इथेही ताईच म्हणते. त्यांची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई चाळिशी ओलांडलेल्या, एका कार्यालयात हिशेबाचं काम करणाऱ्या. कोविडची साथ आली तसं त्यांचं काम घरी आलं. यजमान अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे त्यांना रोज बाहेर पडावंच लागे. मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात होती आणि तिची परीक्षा सतत पुढे ढकलली जात होती. सासूबाई (ताई त्यांना आई म्हणत) सोबतच राहत, त्यांना बरीच वर्षं सीओपीडी म्हणजे फुप्फुसांचा जुना आजार. ताईंचे वडील दुसऱ्या गावी एकटे होते. आई आधीच गेलेली.

जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी आंतरराष्ट्रीय आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि ११ मार्चला ही जागतिक महासाथ असल्याचं सांगितलं. पुढचे काही आठवडे ताई खंबीर होत्या. याद्या केल्या, औषधं भरून ठेवली, घरातल्यांना धीर दिला. "पंधरा दिवस, फार तर महिना, असं मनात धरलं होतं," त्या मला नंतर म्हणाल्या. त्यांचा कस लागला तो त्यानंतर, हे कधी संपणार ते कुणीच सांगू शकत नाही हे ध्यानात आल्यावर. समुपदेशनासाठी माझ्याकडे त्या २०२० च्या मध्याला आल्या. सगळं बोलणं फोनवर आणि व्हिडिओ कॉलवर झालं.

अडचण

निमित्त एका कुरियरचं होतं. सासूबाईंच्या इनहेलरचं औषध घेऊन माणूस दारात उभा होता. ताई दाराच्या आत. दार उघडावं, की बाहेर ठेवायला सांगावं? ठेवलं तर किती वेळाने उचलावं? पुसून घ्यावं की धुऊन? तो बेल वाजवत राहिला, ताई कडीला हात लावून थांबल्या, आणि तो निघून गेला. औषध परत गेलं. सासूबाईंना जपण्यासाठी सगळा आटापिटा, आणि त्यापायी त्यांचंच औषध दारातून माघारी गेलं. या गोष्टीने ताई इतक्या हादरल्या की त्यांनी त्याच संध्याकाळी फोन केला.

पहिल्या संभाषणात त्यांनी एकच वाक्य फिरून फिरून म्हटलं: "सगळं अंगावर येतंय." खोदून विचारल्यावर दिवस उलगडला. रात्री दोनपर्यंत बातम्या. तीन-चार व्हॉट्सॲप गट, त्यांत काढ्यांपासून मृत्यूच्या आकड्यांपर्यंत सगळं. सासूबाईंच्या बोटाला दर तासाला ऑक्सिमीटर, रात्रीसुद्धा उठवून. यजमान घरात आले की त्यांचे कपडे, फोन, किल्ल्या, चपला यांवरून रोज भांडण. वडिलांना दिवसभर फोन, आणि त्यांनी उचलला नाही की पोटात गोळा. हिशेबात कधी चूक न करणाऱ्या बाईकडून आकडे उलटेसुलटे होऊ लागले होते. छाती भरून यायची, आणि आली की वाटायचं, झालं, आपल्यालाच झाला.

छातीचं दुखणं मनाचंच असेल असं गृहीत न धरता मी त्यांना आधी डॉक्टरांशी बोलायला लावलं. तपासणीत काही निघालं नाही. मग चिंतेसाठी जीएडी-७ आणि नैराश्यासाठी पीएचक्यू-९ या प्रश्नावल्या घेतल्या. जीएडी-७ मध्ये २१ पैकी १५ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे तीव्र चिंता मानतात, आणि ताईंचे १६ होते. पीएचक्यू-९ मध्ये १२. स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नाला उत्तर शून्य होतं. ते मी वेगळं, स्पष्ट शब्दांत पुन्हा विचारून घेतलं.

ताई एकट्या नव्हत्या. महासाथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये नोंदवलं. पण ज्याच्या अंगावर सगळं येतंय त्याला आकडेवारीने दिलासा मिळत नाही, हेही त्या दिवसांत पुष्कळदा पाहिलं.

पहिला निर्णयबिंदू: ही भीती खोटी आहे का?

चिंतेने पिचलेला माणूस समोर आला की "तुम्ही उगाच घाबरता" असं म्हणण्याचा मोह होतो. ताईंना घरचे तेच म्हणत होते. मला ते पटलं नाही. घरात सीओपीडीच्या वृद्ध बाई, रोज बाहेर जाणारा माणूस, लस अजून नाही. धोका खरा होता. त्यांच्या भीतीला खोटं ठरवलं असतं तर त्यांनी माझं पुढचं काहीच ऐकलं नसतं, आणि ते रास्तच झालं असतं.

म्हणून भीती योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवला. आदल्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत जे जे ठरवावं लागलं ते सगळं लिहून काढायला सांगितलं. मला अपेक्षा होती की यादीत शंभर वेगवेगळ्या गोष्टी निघतील. निघाल्या मोजक्याच. यांनी कामावर जावं का? आईंचा ऑक्सिजन ठीक आहे ना? बाबांना इथे आणावं का? बाहेरून आलेल्या वस्तूचं काय करावं? हेच चार प्रश्न वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या शब्दांत दिवसभर परत येत होते. सकाळी ठरलेलं दुपारच्या बातमीने मोडत होतं, रात्री एखाद्या नातेवाइकाच्या फोनने पुन्हा उलटत होतं.

या प्रकरणातली कळीची गोष्ट मला इथे सापडली. ताईंपुढे निर्णय फार नव्हते. घेतलेला एकही निर्णय मिटत नव्हता, आणि थकवा त्याचा होता.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमधल्या संशोधकांनी अतिचिंतेच्या मुळाशी असलेली एक प्रवृत्ती मांडली: अनिश्चितता सहन न होणं. काय होईल हे ठाऊक नसणं हेच अशा माणसाला वाईट घडण्याइतकं छळतं. म्हणून तो आणखी माहिती शोधतो, आणखी खात्री करून घेतो. एरवी थोड्या शोधाने खात्री मिळते आणि माणूस थांबतो. महासाथीत ती मिळणारच नव्हती, कारण शास्त्रज्ञसुद्धा रोज नवं शिकत होते. मास्कचंच घ्या. एप्रिल २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मुख्यतः आजारी माणसं आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांच्यापुरता होता. ५ जून २०२० ला तो बदलला आणि संसर्ग पसरलेल्या भागात, अंतर राखता येत नाही अशा ठिकाणी सर्वांना कापडी मास्क सुचवला गेला. नवा पुरावा आला की सल्ला बदलतो, विज्ञानाची रीतच ती. पण रात्री दोन वाजता फोनवर हे वाचणाऱ्या बाईला मात्र पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते.

समोरचे पर्याय

औषध. इतक्या गुणांवर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणं योग्यच होतं आणि मी ते सुचवलं. ताईंनी नकार दिला. औषधाने गुंगी आली आणि रात्री आईंना काही झालं तर, हा त्यांचा धाक होता. तो नकार कायमचा मानायचा नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा विचारायचं, असं दोघींनी ठरवलं.

रजा. घरच्यांचा आग्रह रजेचा होता. पण हिशेबाचे चार-पाच तास एवढीच अशी वेळ होती की जेव्हा ताईंचं मन दुसरीकडे असे. ती काढून घेतली तर रिकामा दिवस बातम्यांनी भरला असता.

बातम्या पूर्ण बंद. हे त्यांनी आधीच करून पाहिलं होतं. फोन कपाटात ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी त्या नातेवाइकांना फोन लावून आकडे विचारू लागल्या. शोधण्याची ओढ तशीच राहिली, फक्त वाट बदलली.

यजमानांनी वेगळं राहणं. या पर्यायावर आम्ही सगळ्यात जास्त बोललो, कारण धोका खरोखर कमी करणारा तोच होता. त्यांच्या कामाच्या ठिकाणी राहण्याची सोयही होती. पंधरा दिवसांचा प्रश्न असता तर मी त्याच बाजूने बोलले असते. पण मुदत कुणालाच माहीत नव्हती. वर्षभर एकटीने सासूबाई, मुलगी आणि नोकरी सांभाळायची म्हटलं तर ताई कोलमडल्या असत्या आणि आजारी सासूबाईंकडे पाहणारं कुणी उरलं नसतं. महासाथीतल्या कुठल्याही उपायाला मी तेव्हापासून हा प्रश्न लावते: हे किती काळ निभेल? पंधरा दिवस पेलणारी खबरदारी वर्षभर पेलेलच असं नाही, आणि दोन महिन्यांनी दमून सुटणारा कडक नियम आधीपासून पाळलेल्या मध्यम नियमापेक्षा घातक ठरू शकतो.

राहिला तो पर्याय अगदी साधा दिसत होता. निर्णय मिटवायला शिकणं.

काय केलं

एक वही. प्रत्येक प्रश्नाला एक पान, आणि पानावर चार गोष्टी: काय ठरलं आणि का, ते कोण बघणार, कुठली खूण दिसली तर बदलायचं, आणि खूण दिसली नाही तर पुन्हा कोणत्या तारखेला उघडायचं. ती तारीख येईपर्यंत किंवा ती खूण दिसेपर्यंत प्रश्न मिटलेला. मनात आला तर स्वतःला एवढंच सांगायचं, पानावर आहे, अमुक तारखेला बघू.

पहिलं पान सासूबाईंच्या ऑक्सिजनचं. इथे डॉक्टरांना मध्ये घेणं भागच होतं. ताईंनी कुठेतरी वाचलं होतं की ९४ च्या खाली गेलं की धोका, आणि सासूबाईंचा आकडा बरा असतानाच ९२-९३ असायचा. म्हणजे ताईंच्या हिशेबाने त्या रोजच धोक्यात होत्या. डॉक्टरांनी सांगितलं की सीओपीडीच्या रुग्णाचा नेहमीचा आकडाच कमी असू शकतो, म्हणून प्रत्येकाची रेषा त्याच्या डॉक्टरांनी ठरवावी. या बाईंपुरती त्यांनी ८८ ठरवली. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, म्हणून हात चोळून, पाच मिनिटांनी पुन्हा बघायचं. दोन्हीदा कमी आला, किंवा एक वाक्य सलग बोलता येईना, तर लगेच फोन. मोजायचं सकाळ-संध्याकाळ दोनदा.

रात्रीचं मोजणं सोडायला मात्र ताई तयार होईनात. आम्ही त्यावर दोन वेळा अडलो. शेवटी मी विचारलं, "आईंना काय वाटतं?" हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या कॉलवर आल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू उठवतेस म्हणून मला धाप लागते. मला झोपू दे. काही वाटलं तर मी घंटा वाजवीन की." उशाशी घंटा आली आणि रात्रीचं मोजणं थांबलं. माझ्या मते या प्रकरणातला दुसरा मोठा निर्णयबिंदू हाच. ज्यांच्या जिवासाठी घर जागत होतं, त्या बाई इतके महिने फक्त काळजीचा विषय होऊन बसल्या होत्या. त्यांना विचारलं, त्यांनी स्वतःची थोडी जबाबदारी घेतली, आणि ताईंचा भार हलका झाला.

बातम्यांसाठी संध्याकाळी सातची वेळ ठरली. आरोग्य विभागाचं पत्रक आणि एक वर्तमानपत्र, एवढंच. गट बंद न करता नुसते मूक केले. "तेवढ्यात काही महत्त्वाचं घडलं तर?" यावर उत्तर म्हणून एका मावसभावावर काम सोपवलं: नियम बदलला, तर तो फोन करेल. असा माणूस नेमल्यावरच ताईंचा हात फोनकडे जाणं कमी झालं.

काळजीलाही वेळ दिली. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी अर्धा तास बसून फक्त काळजी करायची आणि इतर वेळी आलेली काळजी त्या वेळेवर ढकलायची, ही युक्ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये तपासून मांडली होती. ताईंना ती आधी बालिश वाटली. पण वहीच्या जोडीने ती लागू पडली, कारण ढकललेल्या काळजीला जायला आता एक ठिकाण होतं. ढकललेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक काळज्या संध्याकाळपर्यंत आपोआप निवलेल्या असत.

शरीराकडे थोडं. छाती भरून आली की पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. अंथरुणात झोप येत नसेल तर तळमळत पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. गर्दी नसलेल्या वेळी चालायचं. यात नवं काही नाही, पण झोप दोन तासांनी वाढल्याशिवाय वहीवरचा कुठलाही विचार टिकला नसता.

यजमान तिसऱ्या संभाषणात आले. त्यांच्या मनात राग होता, आणि रागाखाली दुःख. "मी घरात पाय टाकला की ही माझ्याकडे आजार आल्यासारखं बघते." त्यांच्याशी बसून घरी येतानाचा क्रम ठरवला: हात, कपडे, आंघोळ, आणि मग बाकी सगळं. क्रम पाळला की त्यानंतर ताईंनी काहीच विचारायचं नाही. त्यांनीही कामावरच्या आजाराच्या कहाण्या जेवताना सांगायच्या नाहीत. भांडण एका आठवड्यात पुष्कळ निवळलं.

वडिलांचा प्रश्न

या पानाला सगळ्यात जास्त वेळ लागला. वडिलांना आणायचं म्हणजे प्रवासाचा धोका, आणि वर जिथला माणूस रोज बाहेर जातो त्याच घरात आणायचं. ताईंनी तिकडे जाऊन राहायचं तर सासूबाई आणि मुलगी इकडे. आहे तसं राहू द्यायचं तर ते एकटे. ताई प्रत्येक वेळी एकाच जागी अडत: "चुकलं तर मी स्वतःला माफ करू शकेन का?"

त्यांना हवी होती ती हमी, आणि ती मी देऊ शकत नव्हते. मी त्यांना तेच सांगितलं. तिन्ही वाटांवर काहीतरी वाईट घडू शकत होतं, आणि कुठलीच न निवडणं हीसुद्धा एक निवडच होती, शिवाय रोज नव्याने छळणारी. वडिलांना विचारलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "मला तिथे आणून कोंडशील आणि स्वतःही जागत बसशील. मी इथेच बरा आहे."

ठरलं ते असं: ते आपल्या घरी राहतील. सकाळी आठला आणि रात्री आठला फोन, मधे नाही. घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे. अर्ध्या तासात दोनदा फोन उचलला नाही तर शेजारी जाऊन बघतील. दर महिन्याच्या एक तारखेला पान पुन्हा उघडायचं. आणि "का" या रकान्यात ताईंनी त्या दिवशी जे माहीत होतं ते सविस्तर लिहिलं. हा रकाना मी मुद्दाम घातला होता. पुढे काही वाईट घडलं की माणूस आजच्या ज्ञानाने कालच्या स्वतःला दोषी ठरवतो. तेव्हा काय ठाऊक होतं याची आपल्याच हातची नोंद समोर असेल, तर त्या खटल्यात निदान एक साक्षीदार आपल्या बाजूचा असतो.

घरात आजार आला तेव्हा

डिसेंबर २०२० मध्ये जगात लसीकरण सुरू झालं, पण ताईंच्या घरापर्यंत लस पोहोचायच्या आधीच, २०२१ च्या सुरुवातीच्या महिन्यांत यजमान पॉझिटिव्ह आले. तेव्हाच्या विषाणूची लक्षणं साधारण पाच-सहा दिवसांत दिसत, पण १४ दिवसांपर्यंतही लागू शकत. त्यामुळे बाकीच्या तिघींसाठी पुढचे दोन आठवडे नुसती वाट बघण्याचे होते. मुलीला सौम्य ताप आला. मग सासूबाईंना खोकला.

या प्रसंगाचं पान आधीच लिहून ठेवलेलं होतं. वेगळी खोली कोणाची, डॉक्टरांना कोण फोन करणार, पिशवीत काय, मुलगी कुठे राहणार. सासूबाईंचा आकडा दोनदा ८७ आला तेव्हा ताईंनी फोन उचलला आणि कुणाशी चर्चा न करता ठरलेलं केलं. "मी घाबरले होते, पण अडले नाही," हे त्यांचे शब्द. दारात कुरियर असताना अडलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकणं माझ्यासाठी मोठं होतं.

सासूबाईंना रुग्णालयात प्राणवायू आणि डेक्सामेथासोन द्यावं लागलं. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना या स्वस्त, जुन्या औषधाचा उपयोग होतो हे जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीतून सिद्ध झालं होतं. साथीच्या अगदी सुरुवातीच्या महिन्यांत डॉक्टरांच्या हाती ही माहिती नव्हती. सासूबाई घरी आल्या, पण खूप अशक्त होऊन, आणि जिना त्यांना पुन्हा कधीच एका दमात चढता आला नाही.

त्या घरी आल्यानंतर ताई ढासळल्या. संकट चालू असताना तग धरलेलं मन ते ओसरल्यावर कोसळतं, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. यांना वेगळं ठेवलं असतं तर आई आजारी पडल्या नसत्या, हा विचार रात्रंदिवस. जीएडी-७ पुन्हा १४ वर गेला. वहीतलं यजमानांच्या प्रश्नाचं पान आम्ही एकत्र वाचलं. त्याने अपराधीपणा नाहीसा झाला नाही, पण "मी विचारच केला नव्हता" हे वाक्य बंद झालं, कारण विचार केल्याचं स्वतःच्या अक्षरात समोर होतं. या वेळी मनोविकारतज्ज्ञांकडे जायला त्यांनी होकार दिला. औषध कित्येक महिने घेतलं, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू थांबवलं.

परिणाम

वर्षाच्या शेवटी जीएडी-७ सहावर होता. झोप परत आली. कामातल्या चुका थांबल्या. सासूबाईंचं मोजणं दिवसातून एकदा, तेही त्या स्वतःच करत.

खबरदारी सोडणं मात्र घेण्यापेक्षा अवघड गेलं, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. पृष्ठभागावरून संसर्ग होण्याची शक्यता खूपच कमी आहे असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केलं: दूषित पृष्ठभागाला झालेल्या एका स्पर्शामागे संसर्गाची शक्यता साधारण १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी. तरी ताई प्रत्येक पाकीट पुसत होत्या. "एवढं पुसलं म्हणूनच वाचलो नसू कशावरून?" याला तर्काने उत्तर देता येत नाही. उपयोगी पडली ती तारीख. वस्तू पुसण्याच्या पानावर पुन्हा बघायचा दिवस लिहिलेला होता. तो आला, नवी माहिती वाचली, आणि पान बंद केलं. गर्दीत मास्क लावण्याचं पान त्यांनी पुढेही चालू ठेवलं. सासूबाईंचं फुप्फुस पाहता मला ते योग्यच वाटलं.

वडिलांबाबतचा परिणाम मिश्र आहे. त्यांना कोविड झाला नाही. लस मिळाल्यावर, वर्षाहून अधिक काळाने बापलेक भेटले. भेटल्यावर ताईंच्या लक्षात आलं की बाबा एकच गोष्ट परत परत विचारतात, औषधांच्या गोळ्या डबीत तशाच पडून आहेत. विस्मरण मधल्या काळात सुरू झालं होतं आणि दोन ठरीव फोनांमध्ये कुणाला जाणवलं नव्हतं. फोन उचलला जात होता, आणि आमची खूण तेवढीच होती.

वेगळं काय करता येईल

असं घर पुन्हा समोर आलं तर वडिलांसारख्या पानावरची खूण मी वेगळी ठेवेन. "फोन उचलला का" यातून माणूस आहे एवढंच कळतं, कसा आहे ते नाही. आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल, गोळ्यांची डबी दाखवायला सांगणं, शेजाऱ्यांनी दहा मिनिटं अंगणात बसून गप्पा मारणं, यांतलं काहीही चाललं असतं. दूरवरच्या वृद्धांसाठी खूण ठरवताना आपण आपल्या भीतीला विचारतो. त्या वर्षी सगळ्यांची भीती कोविडची होती, म्हणून खुणाही कोविडच्याच निघाल्या.

घरातल्या ज्येष्ठांना आणि यजमानांना पहिल्याच संभाषणात बोलावणं शक्य असेल तर तसंच करावं. काळजी एकीच्या अंगावर दिसली तरी ती सगळ्या घराची असते, आणि बरेचसे निर्णय तिच्या एकटीचे नसतातच.

मुलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. ती शांत होती, अभ्यास करत होती, त्रास देत नव्हती. पुढे तिची परीक्षा रद्द झाली तेव्हा तिने दोन दिवस खोलीचं दार लावून घेतलं. तेव्हा कळलं की आईचे रात्रीचे सगळे फोन ती भिंतीपलीकडून ऐकत होती. तिला तिची स्वतःची जागा हवी होती: वहीत एक पान, घरात एखादं नेमकं काम, आणि जे हुकलं त्याबद्दल रडायची मोकळीक. भांबावलेल्या घरात शांत मूल असेल, तर त्याला नाव घेऊन विचारावं.

औषधाबद्दलचं संभाषण सहा आठवड्यांनी व्हायचं होतं, ते दोघींकडूनही लांबत गेलं, कारण ताई सुधारत होत्या. सुधारणा चालू असतानाच मनोविकारतज्ज्ञांची एक ओळखभेट करून ठेवली, तर पुढच्या पडझडीत अनोळखी दार ठोठवावं लागत नाही.

शेवटी वहीच्या मर्यादांविषयी, कारण हे वाचून कुणी उद्या वही घेऊन बसेल. ज्यांना तपासण्याची, पुन्हा पुन्हा खात्री करण्याची जुनी सवय आहे, त्यांच्या हातात ही वहीसुद्धा नवी तपासणी होऊ शकते. पानं दिवसातून अनेकदा वाचली जात असतील, वाक्यं सारखी सुधारली जात असतील, एकेक खूण वाढत चालली असेल, तर वही बंद करून तज्ज्ञांकडे जावं. स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, किंवा सलग काही रात्री झोपच लागली नसेल, तर वहीच्या वाटेला न जाता त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला सांगावं आणि डॉक्टर गाठावा. आणि ज्याच्या निर्णयामागे पैसे, नोकरी किंवा मदतीचा हातच नाही, त्याला आधी ती मदत मिळवून द्यावी लागते. ताईंकडे किल्ली ठेवणारे शेजारी होते, फोनवर येणारे डॉक्टर होते, घरून करता येणारं काम होतं. ज्यांच्याकडे यांतलं काहीच नव्हतं अशी माणसंही त्याच काळात माझ्याशी बोलत होती, आणि त्यांच्यासोबत वहीआधीचे पहिले कित्येक तास शिधा, भाडं आणि औषध कुठून येईल हे शोधण्यातच गेले.